ओल्या हातांचा गल्ला

आज मी एका अशा वस्तूबद्दल बोलणार आहे, जिच्यावर एखाद्या कवीनं बोलावं असं कुणाला वाटणार नाही. दुकानातलं बिल करायचं यंत्र. बोटानं चालणारा पडदा, बिल छापणारा प्रिंटर, बारकोड वाचणारा स्कॅनर, पैसे ठेवायचा खण, असा जो संच हल्ली गल्ल्यावर मांडलेला दिसतो, तो. पाणी आणि धूळ सोसून टिकेल असा संच निवडायचा कसा, एवढाच आजचा विषय. मी कला शाखेचा पदवीधर आहे. यंत्रांशी माझं नातं त्यांना बिचकण्यापुरतंच. पण चिपळूणला आमच्या घरची बेकरी आहे आणि गेल्या काही वर्षांत त्या बेकरीनं मला हा विषय शिकवला. फी मात्र बरीच घेतली.

आधी दुकानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पहाटे भट्टीतून पाव बाहेर निघतात आणि उजाडायच्या आत गिऱ्हाईक दारात उभं असतं. मासळी बाजाराकडे निघालेल्या बायका, रिक्षावाले, हॉटेलांतून पाव न्यायला आलेली पोरं. पावसाळ्यात प्रत्येकाची छत्री गळत असते, हात ओले असतात, नोटाही ओल्या. काउंटरच्या मागच्या बाजूला मैद्याची पोती आणि पीठ मळायचं यंत्र. पोतं उघडलं की मैदा हवेत तरंगतो आणि दिवसभर जिथे तिथे बसत राहतो. म्हणजे गल्ल्याला समोरून पाणी आणि मागून पीठ. बाजूला भट्टीची धग.

भाईजानचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, जुना गल्ला या सगळ्याला पुरून उरला होता. सागवानी पेटी, आत चिल्लरीसाठी लाकडी वाट्या, वर लाल कापडी बांधणीची उधारीची वही आणि वहीला दोऱ्यानं बांधलेली शिसपेन्सिल. पेन का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "शाईवर थेंब पडला की हिशेब पसरतो. शिसं पसरत नाही." त्या वेळी मला ते काटकसरीचं निमित्त वाटलं होतं.

तसं पाहिलं तर पैसे मोजायचं यंत्र ओल्या काउंटरवरच जन्मलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा गुत्ता होता. नोकर गल्ल्यात हात मारतात म्हणून त्यानं आणि त्याच्या भावानं १८७९ साली पैशांची नोंद करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र सगळं खटक्यांचं आणि दातेरी चाकांचं होतं. त्यावर पेला लवंडला तर फडक्यानं पुसायचा. आजच्या यंत्राच्या पोटात वीज आहे, पंखा आहे, केसाएवढ्या वाटांची पाटी आहे. त्याला फडकं पुरत नाही.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. पुढच्या वर्षी माझ्या पुतण्यानं वडिलांना पटवून संगणक, पडदा आणि प्रिंटर आणला. उधारीही त्यातच लिहायची ठरली आणि वही खिळ्यावरून उतरली. एखाद्या ऑफिसात हा संच दहा वर्षं चालला असता. आमच्याकडे सहा महिन्यांत तो मध्येच बंद पडू लागला. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं तर आत मैद्याचा थर. साध्या संगणकात गरम भाग थंड ठेवायला पंखा असतो. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि हवेत मैदा असेल तर मैदाही. मैदा नुसती धूळ नव्हे, तो हवेतली ओल शोषतो. पंख्याच्या पात्यांवर आणि धातूच्या पट्ट्यांवर त्याची कणीकच मळली गेली होती. यंत्राचा श्वास कोंडला, ते तापलं आणि बंद पडलं.

हे टाळायला पुतण्यानं दुरुस्त केलेल्या यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण घातलं. ते आणखी तापलं. पंखा असलेलं यंत्र झाकणं म्हणजे धावणाऱ्या माणसाचं नाक दाबणं. यातून आम्ही पहिला धडा घेतला. पिठाच्या, सिमेंटच्या, मसाल्याच्या दुकानात बिनपंख्याचं यंत्र घ्यावं. त्याची उष्णता धातूच्या अंगातून बाहेर जाते. त्याला हवेसाठी भोकं लागत नाहीत.

दुसरा धडा पावसाळ्यानं दिला. एक म्हातारी खाला वर्षानुवर्षं आमच्याकडून पाव नेते. तिनं चार पाव घेतले आणि बिल आलं चाळीस पावांचं. पुतण्याच्या ते लक्षात आलं नाही, पण तिच्या आलं. "चार घेतले, चाळीस लिहिलेस. डोळे गेले का रे तुझे?" तो सांगायला लागला की यंत्र चुकलं. ती म्हणाली, "यंत्राला मी ओळखत नाही, तुला ओळखते." रांगेतली माणसं हसली. पुतण्याचा चेहरा उतरला.

चूक पाण्याच्या थेंबाची होती. मोबाईलचा असतो तसा पडदा बोटातून जाणारा विजेचा सूक्ष्म परिणाम ओळखतो. पाण्यातूनही वीज वाहते, त्यामुळे पडद्यावरचा थेंब त्याला कधी बोट वाटतो, तर ओलं बोट त्याला धड समजतच नाही. चारच्या पुढे शून्य दाबलं होतं ते एका थेंबानं. दुसऱ्या जातीचा पडदा दाबावर चालतो. वरचा पातळ पापुद्रा खालच्या थराला टेकला की त्याला स्पर्श कळतो. तो ओल्या हातानं चालतो, हातमोज्यानं चालतो, पिठाच्या बोटानंही चालतो. मात्र त्याचा पापुद्रा मऊ असतो, नख किंवा नाणं लागलं की ओरखडा पडतो. पहिल्या जातीतही ओल्या बोटाशी जुळवून घेणारे पडदे निघाले आहेत. कागदावर काय लिहिलंय ते वाचण्यापेक्षा विकत घेण्याआधी स्वतःचं ओलं बोट लावून पाहणं बरं.

तिसरा धडा २२ जुलै २०२१ चा. त्या दिवशी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. गावानं २६ जुलै २००५ चा पूर पाहिला होता, पण हा त्याच्याही वरचा. बाजारपेठेत पुरुषभर उंचीच्या वर पाणी होतं. ओसरलं तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल, फुगून फाटलेली मैद्याची पोती आणि गल्ल्याच्या जागी चिखलाचा एक चौकोनी गोळा. तोच आमचा संगणक. त्यात तीन वर्षांची उधारी होती आणि तिची नक्कल कुठेच नव्हती.

पुढचे दोन महिने मी कधी विसरणार नाही. ती खाला आली. तिचं घरही पाण्यात गेलं होतं. तिनं पदराची गाठ सोडली. "माझे दोनशे ऐंशी. लिहून घे." असे पुष्कळ आले. काही आले नाहीत. भाईजान म्हणाले, "ज्याची भांडीकुंडी वाहून गेली त्याला कसं विचारायचं?" पण एका हॉटेलवाल्याशी मोठ्या रकमेवरून शब्दाला शब्द लागला. त्याला आठवत होती एक रक्कम, आम्हाला दुसरी. खोटं कुणीच बोलत नव्हतं. कागद मात्र दोघांकडेही नव्हता. पंचवीस वर्षांचा व्यवहार तिथे संपला. संगणक गेल्याचं दुःख भाईजानना फारसं झालं नाही. हे मात्र लागलं.

पुढे नवा संच घ्यायची वेळ आली तेव्हा पुतण्या म्हणाला, "चाचा, या वेळी तुम्ही बरोबर चला. तुम्हाला काही कळत नाही, म्हणून तुम्ही सगळं विचाराल." आम्ही गेलो. विक्रेत्यानं ग्लासभर पाणी पडद्यावर ओतलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बघा, पूर्ण वॉटरप्रूफ." मी भारावून गेलो. पुतण्यानं यंत्र हातात घेऊन उलटं केलं. मागे वायरी लावायची उघडी भोकं आणि हवेसाठी जाळी. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं, आयपी ६५, फक्त पुढची बाजू. आमच्याकडे पीठ मागून येतं.

हे आयपी आणि पुढचे दोन आकडे नीट समजून घेतले तर निम्मी निवड झालीच म्हणून समजा. ही आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाची प्रमाण मोजणी आहे. मानक क्रमांक ६०५२९. आपल्या भारतीय मानक ब्युरोनंही ती स्वीकारली आहे. पहिला आकडा घन वस्तूंचा, शून्य ते सहा. पाच म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी कामात अडथळा येणार नाही. सहा म्हणजे धूळ आत जाणारच नाही. दुसरा आकडा पाण्याचा, शून्य ते नऊ. एक म्हणजे सरळ वरून पडणारे थेंब. चार म्हणजे कुठल्याही बाजूनं उडालेलं पाणी. पाच म्हणजे नळीची धार, मिनिटाला साडेबारा लिटर. सहा म्हणजे जोरदार धार, मिनिटाला शंभर लिटर. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणं. आठ म्हणजे त्याहून कठीण, अटी उत्पादकानं सांगायच्या. नऊ म्हणजे गरम पाण्याचा जोरदार फवारा. आकड्याच्या जागी एक्स हे अक्षर असेल, तर ती चाचणी केलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता यातल्या खाचाखोचा. सातच्या पोटात पाच आणि सहा येतात असं आपण गृहीत धरतो. तसं नाही. बुडवण्याची परीक्षा पास झालेलं यंत्र धारेच्या परीक्षेत नापास होऊ शकतं, कारण धार एकाच जागी जोरानं आदळते. दोन्ही सोसत असेल तर तसे दोन्ही आकडे लिहिलेले असतात. दुसरं म्हणजे चाचणी नव्या यंत्राची होते. पाणी अडवतं ते फटीतलं रबर. भट्टीजवळच्या उष्णतेत, फिनेल आणि साबणाच्या माऱ्यात ते कडक होतं, चिरतं. वायरीच्या भोकांवरची रबरी टोपणं लावलेली असतील तरच तो आकडा खरा. आमच्या पोरांनी टोपण लावायचा कंटाळा केला, की आकडा तिथेच संपला.

तिसरी खोच मला फार आवडली. धुळीच्या चाचणीत वापरतात ती टाल्कम, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याची भुकटी. ती कोरडी आणि शहाणी असते. मैदा चिकटतो, साखर विरघळून पाक होतो. पाण्याची चाचणीही गोड्या पाण्याची असते. मिठाचं पाणी धातू खातं, तेल आणि चरबी रबर फुगवते. त्यांच्याबद्दल हे दोन आकडे काहीच बोलत नाहीत. समुद्राकाठच्या मासळीच्या दुकानात खारी हवा सोसण्याची वेगळी चाचणी झाली आहे का, हे विचारावंच लागेल. शीतगृहातून गरम हवेत यंत्र आणलं की त्याच्या आतल्या हवेतलीच ओल काचेच्या आतून दव होऊन बसते. तिथेही आकडा उपयोगाचा नाही.

मग कुणी काय घ्यावं? किराणा दुकानाला आकड्यांच्या फार मागे लागायचं कारण नाही. यंत्र पाण्यापासून दूर ठेवणं पुरतं. बेकरी, गिरणी, चहाचं दुकान यांना संपूर्ण यंत्रासाठी, फक्त तोंडासाठी नव्हे, निदान ५४ हवं. मटण-मासळीचं दुकान, जिथे रात्री नळी लावून काउंटर धुतात, तिथे ६५. सातचा आकडा लागतो तो हातात धरून फिरवायच्या यंत्राला. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर लिलावाच्या गर्दीत यंत्र हातातून सुटून बर्फाच्या टबात पडू शकतं. बाकीच्यांनी सातसाठी जास्त पैसे मोजू नयेत. पुराचा विचार करून घ्यावं म्हणाल, तर एक मीटर आणि अर्धा तास हा हिशेब वाशिष्ठीला कुणी सांगितलेला नाही.

पडण्याबद्दलही दोन शब्द. पुष्कळ यंत्रांवर 'लष्करी दर्जा' असं लिहिलेलं असतं. त्यामागे अमेरिकी लष्कराचं ८१० क्रमांकाचं चाचणी मानक असतं. त्यातल्या पडण्याच्या परीक्षेत वस्तू साधारण सव्वा मीटरवरून २६ वेळा टाकतात. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. पण ती पडते काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर, आपल्या शहाबादी फरशीवर नव्हे. शिवाय हे २६ वेळा पडणं पाच नगांपर्यंत वाटून घेता येतं. या मानकात तापमान, धूळ, हादरे अशा कितीतरी चाचण्या आहेत. त्यातल्या कुठल्या केल्या, हे न सांगता नुसतं 'लष्करी' म्हणणं म्हणजे कुठला पेपर दिला ते न सांगता 'पास झालो' म्हणणं.

प्रिंटर हा या संचातला सगळ्यात नाजूक जीव. आजचे बिलाचे प्रिंटर शाई वापरत नाहीत. त्यांच्या डोक्यावर बारीक तापणारे ठिपके असतात आणि कागद उष्णतेनं काळा होतो. ठिपक्यांवर पीठ बसलं की बिलावर उभी पांढरी रेघ येते आणि नेमका रकमेतला आकडा खाल्ला जातो. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं ते डोकं हलकेच पुसावं. कागद वरून बाहेर येणारा प्रिंटर घेऊ नये. त्याच्या तोंडात पाणी, पावाचा चुरा, प्रसंगी नाणंही पडतं. समोरून कागद देणारा बरा. कागदाचे रोल भट्टीजवळ ठेवले तर न छापताच काळवंडतात. आणि छापलेलं बिल उन्हा-उष्णतेत पुसट होतं. करकायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. हा कागद तेवढा काळ टिकेल या भरवशावर राहू नये.

खारी-टोस्ट वजनावर विकतात, तेव्हा काटाही त्याच संचात आला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. काट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा असते. पीठ शिरलं म्हणून घरीच सील तोडून काटा उघडला, तर पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते. ज्याचं ताट सहज उचलून धुता येतं आणि ज्याच्या बटणांवर अखंड रबरी पापुद्रा आहे, असा काटा पहिल्यापासूनच घ्यावा.

या सगळ्यात काटक कोण म्हणाल, तर काउंटरवर चिकटवलेला क्यूआरचा चौकोन. २०१६ साली यूपीआय सुरू झालं आणि पुढे हा ठिपक्यांचा कागद गावोगाव पोचला. त्यात पंखा नाही, वायर नाही. पाणी उडालं तर पुसा, फाटला तर नवा लावा. पण पैसे आले की नाही हे सांगायला फोन आणि जाळं लागतंच. पावसात वीज आणि जाळं दोन्ही जातात. म्हणून बिलाचं यंत्र इंटरनेट नसतानाही चालतं का, आणि जाळं आल्यावर राहिलेल्या नोंदी आपोआप पाठवतं का, हे विकत घेतानाच विचारावं. हमीपत्रही वाचावं. आकडे मोठे छापलेले असतात आणि आत लिहिलेलं असतं की पाण्यानं झालेलं नुकसान हमीत बसत नाही. दुरुस्तीसाठी यंत्र उघडलं, तर रबर बदलून पुन्हा घट्ट बसवणारा कारागीर जवळपास कुठे आहे, हेही.

आम्ही शेवटी बिनपंख्याचं, सगळ्या अंगाला ५४ असलेलं यंत्र घेतलं. उड्या मारणारा विक्रेता जे दाखवत होता त्याहून ते दिसायला साधं. पुतण्यानं ते काउंटरच्या कडेपासून हातभर आत, मळायच्या यंत्राकडे पाठ न करता बसवलं. हा जागेचा बदल फुकट होता आणि अर्धं काम त्यानंच केलं. दुकानात दुसरी गोष्ट बदलली ती हिशेबाची. रोज रात्री हिशेबाची नक्कल गावाबाहेरच्या, दूरच्या संगणकावर जाते. महिन्याच्या शेवटी उधारीची यादी छापून गिऱ्हाइकाला दाखवतात, त्याच्याही फोनवर पाठवतात. म्हणजे कागद दोघांकडेही राहतो. यंत्र बुडालं तर नवं आणता येतं. कुणाचे किती, हे बाजारात विकत मिळत नाही.

आणि भाईजाननी लाल वही पुन्हा सुरू केली आहे. रात्री ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवतात. लिहिण्यासाठी शिसपेन्सिलच.

तेव्हा श्रोतेहो, दुकानासाठी यंत्र घ्यायला जाल, तेव्हा आधी आपल्या काउंटरपाशी एक दिवस नुसतं उभं राहा. पाणी कुठून येतं, धूळ कुठून येते, हात कसे आहेत, ते पाहा. मग बाजारात जा. आणि जाताना हात थोडे ओले करून जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)